बसाय होतंय, उठाय होईना : न्यूमोनियानंतर हरवलेल्या स्नायूंचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातलं एक गाव, माळकरी शेतकऱ्याचं घर. रुग्ण ६७ वर्षांची बाई. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे. मी त्यांना मावशी म्हणते, इथेही तेच म्हणेन.

शेत दोन एकर. खरिपात भात, एका तुकड्यात रताळी, आणि भात निघाला की जमिनीतल्या ओलीवर मसूर नि हरभरा. मुलगा उद्यमबागेतल्या फौंड्रीत पाळीवर जातो, सून शेत आणि गोठा सांभाळते. गोठ्यात एक म्हैस. तिची धार मात्र सासूनेच काढायची, हे सुनेला हाताचं काम येत नाही म्हणून नव्हे. म्हैसच दुसऱ्या कुणाला उभं करून घेत नसे. मावशींना मधुमेह दहा-बारा वर्षांपासून, गोळ्यांवर आटोक्यात. गुडघे दुखायचे, पण जन्मभर चिखलात वाकून लावणी केलेल्या बाईचे दुखावेत तितकेच.

जुलैत ऐन लावणीच्या धांदलीत ताप आणि खोकला सुरू झाला. लावणी उरकू दे, मग बघू, यात चार दिवस गेले. धाप लागल्यावर शहरात नेलं तेव्हा दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया निघाला. एकूण १६ दिवस रुग्णालयात, त्यातले ६ अतिदक्षता विभागात, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. जीव वाचला. तो वाचवणाऱ्यांच्या कामात मला काही खोट दिसत नाही. पण घरी सोडताना हातात पडलेला कागद इंग्रजीत, समजावणं घाईघाईत आणि कानडीत. त्यातून मुलाने घरी आणलं ते एवढंच : विश्रांती द्या, हलकं खायला घाला.

मी फिजिओथेरपिस्ट. तीन आठवड्यांनी मुलगा माझ्याकडे आला. छातीचा फोटो स्वच्छ, रक्त ठीक, खोकला गेलेला. "मग आई उठंना का?" मावशींनी स्वतः सांगितलं ते जास्त नेमकं होतं : "बसाय होतंय, उठाय होईना."

नेमकं काय बिघडलं होतं

घरातल्या प्रत्येकाने याला अशक्तपणा म्हटलं होतं. अशक्तपणा म्हटलं की पुढे कुणी काही मोजत नाही, वाट बघतात. म्हणून आधी मोजमाप केलं.

वजन आजारापूर्वी ५८ किलो होतं, आता ५४. चार किलोंनी कुणी दचकत नाही, उलट मधुमेहात वजन उतरलं तर बरंच, असंही शेजारच्या बाई बोलून गेल्या होत्या. पण वजनकाटा चरबी, पाणी आणि स्नायू सगळं एकाच आकड्यात घालतो. मावशींच्या पावलांवर अजून थोडी सूज होती, पोटावरची चरबी जागच्या जागी होती. मांड्या मात्र ओसरल्या होत्या. पोटरीचा घेर २९ सेंटिमीटर. आशियाई लोकांसाठी २०१९ साली ठरवलेल्या निकषांत बायकांचा पोटरीचा घेर ३३ सेंटिमीटरच्या खाली गेला तर स्नायू घटल्याची शंका घ्यावी असं आहे. हाताची पकड ११ किलो, निकष १८ चा. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागली तर ती धोक्याची खूण. मावशी आधाराशिवाय एकदाही उठू शकल्या नाहीत. दोन्ही हात कॉटच्या कडेवर, अंग पुढे, एक झोका, दुसरा झोका, तिसऱ्याला सुनेचा हात बगलेत, तेव्हा कुठे उभ्या.

वय वाढताना स्नायू आणि त्यांची ताकद घटत जाते, त्याला सार्कोपेनिया हे नाव १९८९ मध्ये मिळालं. वयाने होणारी घट संथ असते, आजारपणातली झपाट्याची. ताप आणि जंतुसंसर्गात शरीराला प्रथिनांचे घटक भराभर लागतात : पांढऱ्या पेशी वाढवायला, यकृतात बचावाची प्रथिनं बनवायला, फाटलेलं सांधायला. बाहेरून अन्न येत नसेल तर ते घटक स्नायूंतून उपसले जातात. पेरणी ते सुगीच्या मधल्या महिन्यांत घर जसं कणगीवर चालतं तसं. ज्याची कणगी आधीच अर्धी, त्याला आजार लांबला की जड जातं. त्यामुळे साठीनंतर अंगावर किती स्नायू आहेत हा पैलवानकीचा नव्हे, आजारातून उठण्याचा प्रश्न असतो.

त्यात अंथरूण. निरोगी वृद्धांना फक्त १० दिवस पडून राहायला लावलं तर त्यांच्या पायांतले जवळपास १ किलो स्नायू गेले, असं २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. आजार नसताना हे. अतिदक्षता विभागातल्या गंभीर रुग्णांवरच्या २०१३ मधल्या ब्रिटिश अभ्यासात मांडीच्या पुढच्या एका स्नायूचा छेद १० दिवसांत सुमारे १८ टक्क्यांनी आक्रसलेला आढळला. खुर्चीतून उठताना भार येतो तो याच भागावर.

रुग्णालयातलं नुकसान टळण्यासारखं कितपत होतं, यावर मतं वेगळी असू शकतात. घरी आल्यानंतरच्या तीन आठवड्यांबद्दल माझं मत पक्कं आहे. सकाळी चहा आणि टोस्ट. दहाला तांदळाची पेज, मीठ घालून. दुपारी मऊ भात आणि आमटीचं वरचं पाणी, कारण डाळ "जड". संध्याकाळी पुन्हा चहा. रात्री अर्धी भाकरी कुस्करून. हिशेब केला तर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिन. आजारातून उठणाऱ्या वृद्धाला किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम लागतं, म्हणजे मावशींना ६५ ते ८० ग्रॅम.

याच घरातून रोज दोन वेळा म्हशीचं दूध डेअरीला जात होतं. चहापुरतं पावशेर मागे राहायचं. फॅटवर भाव मिळतो, त्यामुळे दाट दूध घरात ठेवणं कुणाला परवडणारं वाटत नव्हतं.

मुलाने मायेपोटी आणखी एक गोष्ट केली होती. आईला संडासापर्यंत चालायला नको म्हणून कमोडची खुर्ची आणून कॉटला लावून ठेवली होती. दिवसातून चार-पाच वेळा होणारी उठबस आणि वीस पावलांची चाल, उरलीसुरली, तीही थांबली.

समोर असलेले पर्याय

घरच्यांच्या मनात पहिला होता सलाईनचा. "दोन बाटल्या लावल्या की तरतरी येते" ही श्रद्धा आपल्याकडे कुठल्याही देवाइतकी घट्ट आहे. अर्ध्या लिटरच्या पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभरेक कॅलरी, आणि प्रथिन शून्य. मधुमेही बाईला ते विकत घेऊन टोचण्यात अर्थ नव्हता. मुलाला हा हिशेब कागदावर मांडून दाखवला तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे दोन कप गोड चहा की हो." विषय तिथे संपला.

दुसरा पर्याय डब्यातल्या पावडरीचा. नातेवाइकांनी आणलेले दोन डबे घरात आधीच होते. एकावरचं बारीक अक्षर वाचलं तर साखरच जास्त. दुसरा बरा होता, पण महाग. महिना-दीड महिना चालवला असता तर घराचं गणित बिघडलं असतं. तो नाकारला नाही, तोंडाला चव येईपर्यंतच्या दिवसांसाठी ठेवला.

तिसरा, रोज शहरात येऊन फिजिओथेरपी. पावसात, चिखलातून बस-थांब्यापर्यंत, एसटीच्या पायऱ्या चढून. ज्या बाईला कॉटवरून उठता येत नाही तिला हे सांगणं म्हणजे नको म्हणण्याचीच एक रीत.

चौथा पर्याय कुणी बोलून दाखवत नव्हतं पण सगळे त्याच्याच बाजूने होते : गणपती होऊ दे, पाऊस उघडू दे, मग बघू. हाच सर्वांत धोक्याचा. एवढ्या कमी ताकदीवर एकदा पडल्या असत्या आणि खुबा मोडला असता, तर पुन्हा रुग्णालय, पुन्हा अंथरूण, पुन्हा स्नायूंची घट.

ठरलं ते असं : घरीच व्यायाम, भार वाढवत नेणारा, आणि त्याच्या जोडीला ताट बदलणं. दोन्ही एकाच वेळी. नुसतं प्रथिन वाढवून बसवून ठेवलं तर स्नायू बांधायची आज्ञाच मिळत नाही. उपाशीपोटी व्यायाम करून घेतला तर बांधायला माल नाही.

पहिला पेच : "प्रोटीन किडनीवर येईल"

घरच्यांना ही भीती एका ओळखीच्या कंपाउंडरने घातली होती. मधुमेह जुना, त्यामुळे भीती अगदीच बिनबुडाची नव्हती. मूत्रपिंड खूपच निकामी असेल आणि डायलिसिस सुरू नसेल तर प्रथिन बेतानेच द्यावं लागतं.

मूत्रपिंडाचं काम ज्यावरून जोखतात ते रक्तातलं क्रिएटिनिन ०.६ होतं. कागदावर उत्तम. पण क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंत. स्नायूच आटले तर क्रिएटिनिनही उतरतं, आणि मूत्रपिंड थोडं बिघडलेलं असलं तरी आकडा गोड दिसतो. म्हणून त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना विनंती केली. त्यांनी लघवीतल्या अल्ब्युमिनची आणि सिस्टॅटिन सी या दुसऱ्या एका घटकाची तपासणी करायला लावली. हा घटक स्नायूंवर फारसा अवलंबून नसतो. दोन्ही समाधानकारक आल्या. सोबत बी-१२ आणि ड जीवनसत्त्व पाहिलं, दोन्ही कमी होती, ती सुरू झाली.

यात आठ दिवस गेले. तेवढ्यात व्यायाम थांबवला नाही आणि डाळीचा गाळही ताटात आला. फक्त पूर्ण मात्रा निकालानंतर.

दुसरा पेच : माळ

अंड्यात सहा ग्रॅम प्रथिन, स्वस्त, मऊ, पचायला सोपं. शहरातल्या एका नातेवाईक डॉक्टरने फोनवर सांगितलं, औषध म्हणून द्या, माळ काढून ठेवा चार महिने. मुलगा तयार झाला होता. मावशी जेवायच्याच थांबल्या.

इथे वाद घालण्यात मला काहीच हशील दिसलं नाही. ज्या घरात म्हैस आणि मसूर दोन्ही आहेत, तिथे अंड्यावाचून अडतं कुठे? सून, मी आणि मावशी कागद घेऊन बसलो.

म्हशीचं दूध अर्धा लिटर, त्यातलं काही दही करून : १८ ते २० ग्रॅम. घट्ट मसुरीची आमटी दोन वाट्या, कोरडी डाळ ६० ग्रॅम : १४. दिवसभरात शेंगदाण्याची चटणी किंवा कूट मूठभर, ३० ग्रॅम : ७ ते ८. ज्वारीच्या तीन भाकऱ्या, लहान : १८ च्या आसपास. थोडा भात : ४. बेरीज साठच्या थोडी वर, म्हणजे ६५ च्या जवळपास. प्रथिनाचे जे घटक डाळीत कमी ते धान्यात आणि धान्यात कमी ते डाळीत, त्यामुळे भाकरी-आमटी एकत्र खाण्यात फायदा. वय झालेल्या स्नायूंना एका वेळी भरपूर प्रथिन मिळालं तर ते जागे होतात, म्हणून सगळं रात्रीवर न ढकलता तीन जेवणांत वाटलं. सकाळच्या चहा-टोस्टची जागा दही-भाकरी आणि चटणीने घेतली.

अडचण अर्धा लिटर दुधाचीच निघाली. मुलगा गप्प. सून म्हणाली, "आत्ती दवाखान्यात होत्या तेव्हा किती गेले, ते मोजलं नाही कुणी. दूध मोजूलालोय." त्या दिवसापासून डेअरीच्या किटलीत अर्धा लिटर कमी गेलं.

एकादशी उरली. मावशी महिन्याच्या दोन्ही करत होत्या, आजारातून उठल्यावर लगेच. शाबूची खिचडी आणि उकडलेली रताळी म्हणजे जवळजवळ नुसतं पिठूळ. उपवास सोडा म्हटलं नाही. शाबू कमी, दाण्याची आमटी, दही, दूध आणि राजगिरा जास्त, एवढंच ठरवलं. गोळ्या त्या दिवशी कशा घ्यायच्या ते डॉक्टरांनी लिहून दिलं.

तिसरा पेच : खुर्ची हलवायची का

कमोडची खुर्ची बाहेर काढा म्हटल्यावर मुलगा चिडला. "पडली तर तुम्ही येणार काय?" प्रश्न रास्त होता. तडजोड झाली ती अशी : रात्री खुर्ची कॉटजवळ, दिवसा भिंतीपलीकडे. वाटेत भिंतीला लाकडी पट्टी ठोकली, संडासात पकडायला लोखंडी गज बसवला. फौंड्रीत काम करणाऱ्या माणसाला गज बसवायला अर्धा तास पुरला, आणि मग त्याची भीतीही थोडी उतरली.

व्यायाम साधाच. कॉटवर तीन घोंगड्या घडी करून ठेवल्या, म्हणजे बसायची जागा उंच आणि उठणं सोपं. तिथून पाच वेळा उठणं, थोडी विश्रांती, असे तीन फेरे, आठवड्यातून तीन दिवस. शेवटच्या दोन वेळा जड गेल्याच पाहिजेत, हा नियम. सहज व्हायला लागलं की एक घोंगडी काढायची. सगळ्या निघाल्या की छातीशी मसुरीची पिशवी, आधी एक किलोची, मग दोन, मग तीन. खिडकीचे गज धरून टाचा उचलणं, ओला टॉवेल पिळणं, आणि घरातल्या घरात चालणं, कारण बाहेर चिखल. आमच्या धंद्यात "पाय वर-खाली करा" असा छापील कागद देऊन महिनोन्‌महिने तोच चालू ठेवायची पद्धत आहे. भार वाढला नाही तर स्नायू वाढत नाहीत. १९९० साली अमेरिकेत नव्वदीच्या आसपासच्या वृद्धाश्रमातल्या माणसांना वजनांचा व्यायाम देऊन ताकद कितीतरी वाढल्याचं दाखवलं गेलं, तरी ६७ वर्षांच्या बाईच्या हातात दोन किलो द्यायला आपण कचरतो.

लक्ष कोण ठेवणार, हा प्रश्न नातीने सोडवला. सातवीतली. शाळेतून आली की घोंगड्या मोजायची आणि कॅलेंडरवर आकडे लिहायची. आजीने चार करून पाच सांगितले तर पकडायची.

मध्येच आलेली अडचण

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मावशींना व्यायामानंतर घाम फुटला, हात थरथरले. सुनेने साखर तपासली, ६१, म्हणजे फारच उतरलेली. मधुमेहाची गोळी घेतली होती, नाश्ता व्हायचा होता. गूळपाणी दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांत उतार पडला.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. जेवणानंतर इन्सुलिनच्या जोरावर रक्तातून उचलली जाणारी बहुतेक साखर स्नायूंत जाते. रुग्णालयात स्नायू आटलेले, शरीर तापलेलं, म्हणून साखर चढलेली. गोळीची मात्रा त्या काळात वाढवली गेली होती, आणि आता ताप गेला, स्नायू पुन्हा कामाला लागले तरी तशीच राहिली होती. डॉक्टरांनी ती निम्मी केली. व्यायाम नाश्त्यानंतर एक तासाने आला. घरात मात्र "नको तो व्यायाम" पुन्हा सुरू झालं, आणि चार-पाच दिवस वाया गेले.

निकाल

पाच महिन्यांनंतर वजन ५५.५ किलो. आकड्यात दीडच किलोचा फरक, पण पावलांची सूज आता नव्हती. पोटरी ३०.५ सेंटिमीटर. पकड १६ किलो, निकषाच्या अजून खाली. खुर्चीवरून पाच वेळा उठबस १४ सेकंदांत, हात छातीवर बांधून. संडासात गजाला एक हात लावून उठतात. कमोडची खुर्ची शेजारच्या गावात कुणाला तरी दिली.

संध्याकाळची धार पुन्हा मावशी काढतात, सकाळची नाही. थंडीत बोटं आखडतात. धारेच्या पाटावरून उठताना एक हात म्हशीच्या पाठीवर असतो. लावणीला त्या आता वाकणार नाहीत, आणि मी तसा आग्रहही धरणार नाही.

डिसेंबरात त्यांना पुन्हा ताप आला, चार दिवस अंथरूण धरलं. या वेळी आठवड्याभरात त्या पूर्वीच्या ठिकाणी आल्या. ताप साधा होता, त्यामुळे हे स्नायूंमुळेच झालं असं छातीठोक म्हणता येणार नाही. पण त्या चार दिवसांत पेज चुलीवर चढली नाही, दही-भात आणि दूध चालू राहिलं, आणि कॉटच्या कडेवर बसून उठणं दिवसातून दोनदा तरी झालंच.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी संधी रुग्णालयातच होती. अतिदक्षता विभागातून बाहेर आल्यावरचे दहा दिवस मावशी जवळजवळ झोपूनच होत्या. ऑक्सिजन चालू असतानाही, डॉक्टरांनी मुभा दिली की, कॉटच्या कडेला पाय सोडून बसवणं आणि आधाराने उभं करणं शक्य असतं. घरच्यांनी विचारायला हवं होतं, असं म्हणणं सोपं आहे. पण वॉर्डात कानडीत बोलणाऱ्या सिस्टरना मराठीतून काय आणि किती विचारायचं, याचा संकोच सीमाभागातल्या घरांना नवा नाही. घरी सोडताना कुणी खुर्चीवरून एकदा उठवून बघितलं असतं तरी तीन आठवडे वाचले असते. त्याला यंत्र लागत नाही.

आजारापूर्वीचं ताट हाही मुद्दा आहे. सगळ्यांनंतर जेवणाऱ्या बाईच्या वाटीत आमटीचं पाणी उरतं, डाळ वर गेलेली असते. मावशी जुलैत आजारी पडल्या तेव्हाच त्यांची शिल्लक तोकडी असणार. पन्नाशीनंतरच्या मधुमेही बायकांची साखर दर तीन महिन्यांनी मोजली जाते, पकड आणि उठबस कधीच नाही.

मूत्रपिंडाच्या तपासण्या पहिल्याच दिवशी पाठवल्या असत्या तर तो आठवडा अर्धवट ताटावर गेला नसता. गोळीची मात्रा व्यायाम सुरू करण्याआधी तपासून घेणं हेही आता या गटातल्या प्रत्येक रुग्णासाठी मी डॉक्टरांना आधीच विचारते.

अंड्याचा आग्रह धरला असता तर कदाचित निकाल लवकर दिसला असता. पण ताटावरून उठून गेलेली मावशी परत बसली नसती, असं सूनही म्हणते आणि मलाही तसंच वाटतं.

म्हैस आता गाभण आहे, उन्हाळ्यात आटेल. त्या दोन महिन्यांत डेअरीतून अर्धा लिटर विकत घ्यायचं की मसूर वाढवायची, यावर घरात सध्या बोलणी चालू आहेत. सुनेने फुटाण्यांचा डबा भरून ठेवला आहे, मुलगा दुधाच्या बाजूने आहे.